बँडचं नाव आधीच कुणाचं आहे का? पोस्टर छापण्याआधी मोबाईलवर असं तपासा

आमच्या कॉलेजच्या बँडचं नाव ठरायला दोन महिने लागले आणि ते सोडून द्यायला एक फोन पुरला.

गॅदरिंगमध्ये टाळ्या मिळाल्या, मग आम्ही पहिलं गाणं अपलोड केलं, तीस टी-शर्ट छापून घेतले, फ्लेक्स बनवला. पंधरा-वीस दिवसांनी शेजारच्या जिल्ह्यातून एका काकांचा फोन आला. “पोरांनो, आमच्या नावावर सुपाऱ्या घेताय का तुम्ही? लोक मला विचारतायत, कॉलेजात कधीपासून वाजवायला लागलात म्हणून.” त्याच नावाचा त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. सोळा वर्षं जत्रा, लग्नं, गणपती, नवरात्र सगळीकडे वाजवत होते. इन्स्टाग्रामवर मात्र ते नव्हते. आणि आम्ही तपासलं होतं ते फक्त इन्स्टाग्राम!

काका चांगले होते, म्हणून प्रकरण फोनवरच मिटलं. पण टी-शर्ट वाया गेले, गाणं नव्या नावाने पुन्हा टाकावं लागलं आणि आधी जमलेले सगळे प्ले गेले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख. एक संध्याकाळ, एक मोबाईल आणि थोडा संयम एवढ्यावर हे काम होतं, आणि तपासायला एक रुपयाही लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू

“नाव मोकळं आहे” असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, त्या नावाचं हँडल किंवा वेबसाइटचा पत्ता मिळतोय का. दुसरी, त्या नावाने दुसरं कुणी आधीपासून गातंय-वाजवतंय का. आणि तिसरी, त्या नावावर कायद्याने कुणाचा हक्क आहे का.

बहुतेक जण पहिली गोष्ट बघून थांबतात. पण हँडल म्हणजे हक्क नाही. ते त्या कंपनीने ‘पहिला येईल त्याला’ या हिशोबाने दिलेलं असतं. हँडल मिळालं म्हणून नाव तुमचं होत नाही आणि हँडल गेलं म्हणून नाव जात नाही.

अजून एक वाक्य नेहमी ऐकू येतं, “आपण नावाचा कॉपीराइट घेऊन टाकू.” तसं होत नाही. कॉपीराइट गाण्याच्या शब्दांना, चालीला, रेकॉर्डिंगला मिळतो. नुसत्या नावाला किंवा शीर्षकाला सहसा मिळत नाही. ‘देसी बॉईज’ या हिंदी सिनेमाच्या नावावरून वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तेव्हा २०१५ मध्ये कोर्टाने हेच सांगितलं, की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. नावाचं संरक्षण होतं ते ट्रेडमार्कच्या कायद्याने. आपल्याकडे त्यासाठी ‘ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९’ आहे.

आणि या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. भारतात नावावरचा हक्क फक्त नोंदणीतून येत नाही, वापरातूनही येतो. म्हणून सरकारी यादी बघायचीच, पण तिच्या बाहेरही शोधायचं. काकांच्या ऑर्केस्ट्राची नोंदणी नव्हती. तरी बाजू त्यांचीच भक्कम होती.

आता एक नाव उदाहरणाला घेऊ. समजा, तुम्हाला ‘वळीव’ हे नाव सुचलंय. छोटं, मराठी, ऐकायला छान. (या नावाचा बँड खरंच असेल तर मंडळी, रागावू नका. तसं असेल तर खालच्या पायऱ्यांमध्ये तुम्ही सापडायलाच हवं!)

पायरी १ : नावाची सगळी स्पेलिंगं लिहून काढा

मराठी नावाची खरी गंमत इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहे. ‘वळीव’ मधला ‘व’ कुणी ‘व्ही’ने लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’ने. ‘ळी’साठी कुणी ‘एल-आय’ लिहितं, कुणी ‘एल-डबल-ई’. फोनमधल्या नोट्समध्ये अशी चार-पाच स्पेलिंगं लिहा, शिवाय देवनागरीतलं नाव लिहा. दोन शब्दांचं नाव असेल तर जोडून आणि तोडून, दोन्ही प्रकारे लिहा. पुढच्या प्रत्येक पायरीला ही अख्खी यादी वापरायची आहे.

याच वेळी नावाचा अर्थ आणि आजूबाजूचे शब्दही बघून घ्या. ‘वळीव’ इंग्रजीत टाकलंत तर वसईजवळच्या वालीवच्या बातम्याही समोर येतील, कारण इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग जवळपास सारखं होतं. कायद्याने यात काही अडचण नाही. पण एखाद्या श्रोत्याने तुम्हाला शोधलं आणि त्याच्यासमोर पोलीस ठाण्याच्या बातम्या आल्या, तर तोटा तुमचाच.

मराठी वाचणाऱ्यांना ‘वळीव’ म्हटलं की शंकर पाटलांचा कथासंग्रहही आठवेल. मग नाव बाद का? नाही. पुस्तकाच्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो हे वर बघितलंच. शिवाय ‘वळीव’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. आपल्याला शोधायचंय ते संगीतात आणि कार्यक्रमांच्या धंद्यात हे नाव कुणी चालवतंय का.

पायरी २ : गाण्यांच्या ॲप्सवर शोधा

यादीतलं प्रत्येक स्पेलिंग स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, ॲपल म्युझिक, जिओसावन आणि गाना यांवर टाका. निकालात ‘आर्टिस्ट’ हा टॅब उघडा, कारण त्या नावाची गाणी भरपूर असतील आणि आपल्याला हवाय तो कलाकार. साउंडक्लाउड आणि बँडकॅम्पही बघा. लहान बँड बऱ्याचदा तिथे असतात.

मग म्युझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्स या दोन वेबसाइट उघडा. संगीताच्या या मोठ्या, फुकट याद्या आहेत. म्युझिकब्रेन्झचा फायदा असा, की एकाच नावाचे कलाकार तिथे वेगवेगळे दाखवलेले असतात. तिथे ‘निर्वाणा’ टाकून बघा. कर्ट कोबेनचा अमेरिकन बँड तर दिसेलच, पण त्याच्या आधीचा, १९६० च्या दशकातला लंडनचा निर्वाणाही दिसेल. नावावरून त्या दोघांमध्ये वाद झाला होता आणि तो कोर्टाबाहेर मिटवावा लागला.

कुणी सापडलं तर तीन गोष्टी टिपून ठेवा : ते कुठले आहेत, कुठल्या प्रकारचं संगीत करतात आणि शेवटचं गाणं कधी आलं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी गाण्यांच्या ॲपवर एकच नाव दोघांचं असेल तर गाणी चुकीच्या पानावर जाऊ शकतात. तुमचं गाणं दुसऱ्याच्या पानावर, त्याचं तुमच्या. नवीन गाणं ॲपवर पाठवताना डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये ‘हा नवीन कलाकार आहे’ असा पर्याय किंवा तुमच्या पानाची लिंक द्यायची जागा असेल तर ती रिकामी सोडू नका.

पायरी ३ : इंटरनेटवर नीट दिसत नाहीत त्यांना शोधा

आम्ही इथेच फसलो. महाराष्ट्रात गाण्या-वाजवण्याचा धंदा फक्त स्पॉटिफायवर चालत नाही. ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, लग्नातले ब्रास बँड, ढोल-ताशा पथकं, भजनी मंडळं, नाटकाच्या संस्था, डान्स क्लास या सगळ्यांना नावं असतात. ती कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर, लग्नाच्या व्हिडिओत किंवा फेसबुकच्या एखाद्या जुन्या पानावर सापडतात.

म्हणून गूगलवर नाव दुहेरी अवतरण चिन्हांत टाका आणि पुढे एकेक शब्द जोडून शोधा : बँड, ऑर्केस्ट्रा, म्युझिकल ग्रुप, ढोल-ताशा पथक, इव्हेंट्स. अवतरण चिन्हं टाकली की गूगल तेच शब्द असलेले निकाल दाखवायचा प्रयत्न करतं. यूट्यूबवर हेच करा आणि निकाल फक्त पहिल्या पानापुरते बघू नका. लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ खूप खाली असतात. गूगल मॅप्सवरही नाव टाका. ब्रास बँड आणि ऑर्केस्ट्राची ऑफिसं तिथे पिन केलेली असतात.

मग माणसांना विचारा. साउंड सिस्टीम भाड्याने देणारे, मंडप-लाइटवाले आणि रेकॉर्डिंग स्टुडिओतले लोक यांना जिल्ह्यातले सगळे ग्रुप तोंडपाठ असतात. “दादा, या नावाचं कुणी वाजवतं का?” एवढा एक प्रश्न आम्ही आमच्या साउंडवाल्याला विचारला असता तर त्याने तिथेच सांगितलं असतं. नंतर तो म्हणाला, “मला वाटलं, तुम्ही त्यांचीच पोरं!”

आणि हो, एआय चॅटला विचारून “हे नाव उपलब्ध दिसतंय” असं उत्तर आलं तर त्यावर थांबू नका. नावं सुचवायला त्याचा उपयोग करा, खात्री करायला नाही.

पायरी ४ : हँडल आणि वेबसाइटचा पत्ता

आता इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि फेसबुकवर हँडल बघा. नुसतं ‘वळीव’ मिळालं नाही तर पुढे ‘बँड’ किंवा ‘म्युझिक’ लावून बघा, पण सगळीकडे एकच हँडल मिळेल असं निवडा. एका ठिकाणी अंडरस्कोर, दुसरीकडे टिंब, तिसरीकडे आकडे असं झालं की लोकांना टॅग करता येत नाही.

हँडल आधीच कुणाकडे असेल तर ते पान उघडून बघा. कुणाची तरी रिकामी प्रोफाइल असेल तर घाबरायचं कारण नाही. पण तिथे कार्यक्रमांचे फोटो असतील तर तो एक धागा मिळाला, परत पायरी २ आणि ३ कडे जा.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता डोमेन विकणाऱ्या कुठल्याही साइटवर तपासता येतो. डोमेन विकत घेतलं म्हणून नावावर हक्क मिळत नाही, हे इथेही लागू. उलट दुसऱ्याच्या चालत्या नावाचं डोमेन घेतलंत तर ट्रेडमार्कच्याच तत्त्वांवर तुमच्यावर दावा होऊ शकतो. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये ‘सिफी’ या नावाच्या खटल्यात हे मान्य केलंय.

पायरी ५ : सरकारी ट्रेडमार्क रजिस्टर

हे काम अवघड वाटतं, पण तसं नाही. भारतात नोंदलेल्या आणि अर्ज केलेल्या ट्रेडमार्कची यादी सगळ्यांना फुकट बघता येते.

सुरुवातीलाच एक काळजी घ्या. गूगलवर ‘ट्रेडमार्क सर्च’ टाकलंत तर वर खासगी एजंटांच्या जाहिराती दिसतात. तिथे नंबर दिलात की दिवसभर फोन येत राहतात. सरकारी साइट ‘आयपी इंडिया’ची आहे आणि तिच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. तेवढं बघूनच पुढे जा. साइट मोबाईलवर नीट दिसत नसेल तर क्रोमच्या तीन टिंबांवर जाऊन ‘डेस्कटॉप साइट’ चालू करा. तिथे ‘ट्रेड मार्क्स’ मध्ये ‘पब्लिक सर्च’ शोधा. कॅप्चा किंवा ओटीपी मागितला तर भरा.

आता तीन गोष्टी निवडायच्या.

शोधाचा प्रकार. यात ‘वर्डमार्क’ म्हणजे शब्द, ‘फोनेटिक’ म्हणजे उच्चार आणि ‘व्हिएन्ना कोड’ म्हणजे चित्र किंवा लोगो. आपल्याला पहिले दोन पुरतात. वर्डमार्कमध्ये ‘कंटेन्स’ हा पर्याय घ्या, म्हणजे तुमचा शब्द मोठ्या नावाच्या पोटात असेल तरी सापडेल. मग हाच शोध फोनेटिकने करा. मराठी नावांसाठी हा फार कामाचा, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी सारख्या उच्चाराची नावं तो पुढे आणतो.

क्लास. ट्रेडमार्क एकूण ४५ वर्गांमध्ये नोंदले जातात. बँडसाठी तीन बघा :

- क्लास ४१ : मनोरंजन, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रम. बँड, ऑर्केस्ट्रा, डान्स क्लास, नाटक, इव्हेंट सगळे इथे.
- क्लास ९ : रेकॉर्डिंग आणि डाउनलोड करायचं संगीत.
- क्लास २५ : कपडे, म्हणजे तुमचे टी-शर्ट आणि टोप्या.

शब्द. यादीतलं प्रत्येक स्पेलिंग, प्रत्येक क्लासमध्ये. पाच स्पेलिंगं आणि तीन क्लास म्हणजे पंधरा शोध, आणि फोनेटिक धरून दुप्पट. कंटाळा येईल, पण चौघांनी वाटून घेतलं तर वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे.

निकाल कसा वाचायचा?

एखादं नाव सापडलं की त्यावर क्लिक करून माहिती उघडा. चार गोष्टी बघा.

१. स्टेटस. ‘रजिस्टर्ड’ असेल तर नोंदणी झालेली आहे. ‘ऑब्जेक्टेड’ म्हणजे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने हरकत काढली आहे. ‘ऑपोज्ड’ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी विरोध केला आहे. या दोन्हींमध्ये अर्ज अजून जिवंत असतो. ‘अबँडन्ड’ किंवा ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे अर्ज सोडून दिला किंवा नाकारला. पण अर्ज मेला म्हणून माणूस नाव वापरायचा थांबला असेल असं नाही, त्यामुळे मालकाचं नाव गूगलवर टाकून बघा.

२. अर्जाची तारीख.

३. ‘यूझर’ची तारीख, म्हणजे अर्जदार कधीपासून हे नाव वापरतोय असं सांगतो ते. तिथे ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ असेल तर अर्ज करताना वापर सुरू झालेला नव्हता.

४. वस्तू आणि सेवांचं वर्णन. क्लास ४१ मध्ये कोचिंग क्लासही येतात. तिथलं ‘वळीव’ नाव स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं असेल तर धोका कमी, संगीताच्या कार्यक्रमांचं असेल तर जास्त.

दुसऱ्याच क्लासमध्ये, म्हणजे समजा छत्र्यांसाठी, ‘वळीव’ नोंदलेलं असेल तर सहसा अडत नाही. अपवाद फार प्रसिद्ध नावांचा. टाटासारखं सगळ्यांना माहीत असलेलं नाव क्लास कुठलाही असो, वापरू नका. अशा ‘वेल-नोन’ ट्रेडमार्कची वेगळी यादीही सरकारी साइटवर आहे.

थोडा फरक केला तर चालेल का?

“आपण शेवटी एक ‘झेड’ लावू, मग झालं वेगळं!” हा उपाय दर बँडमध्ये कुणीतरी सुचवतोच. पण कोर्ट अक्षरं मोजत बसत नाही. साधा माणूस, ज्याला नाव अर्धवट आठवतंय, त्याचा गोंधळ होईल का, हे बघतं.

१९६२ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल यासाठी छान आहे. ‘अमृतधारा’ नावाचं जुनं औषध होतं. दुसऱ्याने ‘लक्ष्मणधारा’ काढलं. अमृत आणि लक्ष्मण हे शब्द तर किती वेगळे! तरीही कोर्टाने म्हटलं की पूर्ण नाव ऐकल्यावर सामान्य गिऱ्हाइकाची फसगत होऊ शकते. तेव्हा ‘वळीव’ असताना ‘वळीव्ह’, ‘द वळीव’ किंवा ‘वळीव लाइव्ह’ हे वेगळं नाव झालं असं समजू नका.

यादीत नाही, म्हणजे मोकळं? नाही!

आता पुन्हा त्या काकांकडे येऊ. त्यांचं नाव रजिस्टरमध्ये नव्हतं. समजा, आम्ही हट्टाने अर्ज केला असता आणि नोंदणी मिळालीही असती, तरी त्यांना थांबवता आलं नसतं. कायद्याचं कलम ३४ सांगतं की तुमच्या वापराच्या आणि तुमच्या नोंदणीच्याही आधीपासून जो सलग नाव वापरतोय, त्याला नोंदणीच्या जोरावर अडवता येत नाही. उलट ‘आमच्या नावाचा फायदा हे लोक घेतायत’ असा दावा नोंदणी नसतानाही करता येतो. त्याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात.

तमिळनाडूत तिरुनेलवेलीचा ‘इरुट्टुकडै हलवा’ प्रसिद्ध आहे. त्या नावाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा दोन्ही पक्षांकडे ट्रेडमार्कची नोंदणी होती. २०१५ मध्ये कोर्टाने जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला, कारण वापर त्यांचा आधीचा.

बँडच्या जगातलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘लेडी अँटबेलम’ हा नॅशव्हिलचा मोठा कंट्री बँड. अँटबेलम हा शब्द अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळाची आठवण करून देतो, म्हणून जून २०२० मध्ये त्यांनी नाव बदलून ‘लेडी ए’ केलं. चाहते त्यांना तसं म्हणायचेच आणि त्या नावाचा ट्रेडमार्कही त्यांच्याकडे होता. पण सिॲटलमध्ये अनिता व्हाइट ही ब्लूज गायिका वीसेक वर्षांपासून ‘लेडी ए’ याच नावाने गात होती. बोलणी फिसकटली. आधी बँडने कोर्टात धाव घेतली, मग तिनेही दावा लावला. २०२२ च्या सुरुवातीला दोघांमध्ये तडजोड झाली, तोपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. नाव बदलण्यामागचा बँडचा हेतू चांगला होता, कागदही होता. फक्त त्या नावाने आधीपासून गाणाऱ्या बाईला वेळेवर विचारलं गेलं नाही.

परदेशात गाणी जाणार असतील तर

ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. भारतातलं नाव अमेरिकेत आपोआप तुमचं होत नाही. ब्रिटनचा ‘स्वेड’ बँड अमेरिकेत ‘द लंडन स्वेड’ झाला, कारण तिथे त्या नावाची एक गायिका आधीच होती. म्हणून तिथल्या मराठी मंडळांचे कार्यक्रम घ्यायचं स्वप्न असेल, तर ‘वायपो’ या जागतिक संस्थेचा ‘ग्लोबल ब्रँड डेटाबेस’ बघा. अनेक देशांच्या नोंदी तिथे एकत्र आणि फुकट शोधता येतात.

कुणी सापडलं तर काय करायचं?

- तेच नाव, संगीतच करतात, आजही चालू आहेत : नाव सोडा. मोह होतो, पण सोडा. गाणं यायच्या आधी नाव बदलायला एक रात्र लागते, नंतर एक वर्ष.
- तेच नाव, पण ग्रुप बंद पडल्यासारखा वाटतो : त्यांना मेसेज करा. त्यांनी हरकत नाही म्हटलं तर ते ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि जपून ठेवा. नुसतं फोनवरचं “चालेल रे” पुरत नाही.
- नाव जवळपास जाणारं, किंवा रजिस्टरमध्ये अर्ज चालू असलेलं : इथे स्वतःच्या अंदाजावर जाऊ नका. पैसे ओतण्याआधी एखाद्या ट्रेडमार्क वकिलाला किंवा एजंटला विचारा.
- पुढे-मागे काही जोडायचं असेल : मोठ्या बँडनीही हे केलंय. ‘ब्लिंक’ नावाचा आयर्लंडचा बँड आधीच होता, म्हणून अमेरिकेतले ‘ब्लिंक’ हे ‘ब्लिंक-१८२’ झाले. पण आधीच्या बँडला ते चालत असेल तरच उपयोग, हे लक्षात ठेवा.

नाव बदललं म्हणजे सगळं संपत नाही. ‘केमिकल ब्रदर्स’ आधी ‘डस्ट ब्रदर्स’ म्हणून वाजवायचे. ते नाव मुळात अमेरिकेतल्या दुसऱ्या जोडीचं होतं. १९९५ मध्ये त्यांनी नाव बदललं आणि जगाला ते नव्या नावानेच माहीत झाले.

नाव मोकळं निघालं? मग ते जपा

पहिली गोष्ट, पुरावे. हक्क वापरातून येतो ना, मग वापराची तारीख दाखवता आली पाहिजे. पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर, आयोजकाचा मेसेज, मानधनाची पावती, गाणं अपलोड झाल्याचा ईमेल, सगळं एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये तारखेसकट टाका.

दुसरी, नोंदणी. पैसे जमले की अर्ज करा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका व्यक्तीसाठी एका क्लासला ४,५०० रुपये आहे. भरण्याआधी साइटवर ताजा आकडा बघून घ्या. बजेट एकाच क्लासचं असेल तर बँडने ४१ पासून सुरुवात करावी. अर्ज मान्य झाला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि विरोध करायला लोकांना चार महिने मिळतात. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे पुन्हा वाढवता येते. नावाला ‘टीएम’ लावायला नोंदणी लागत नाही. पण वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा ठरतो.

तिसरी गोष्ट अवघड वाटते, पण आजच बोलून टाका. बँड फुटला तर नाव कुणाकडे? ड्रमरच्या नावावर अर्ज केला आणि वर्षाने तोच निघून गेला तर? एका पानावर चौघांनी लिहा, की नाव सगळ्यांचं की एकाचं, सोडून जाणाऱ्याला ते वापरता येईल का. तारीख टाका, सह्या करा, फोटो काढून ठेवा. मैत्री घट्ट असते तेव्हाच हा कागद हसत-खेळत लिहिता येतो.

आणि गाणं रिलीज करायच्या आदल्या दिवशी पायरी २ आणि ५ पुन्हा एकदा करा. मधल्या काळात कुणी अर्ज केलेला असू शकतो.

आमचं नवं नाव आम्ही असंच तपासून ठेवलं. जुन्या नावाचा टी-शर्ट अजून एक शिल्लक होता, तो काकांना नेऊन दिला. त्यांनी तो त्याच वर्षीच्या जत्रेत घातला. नाव त्यांचंच होतं, शोभूनही दिसलं.